पेवावरची बाज

पेवाच्या तोंडावरची शिळा बाजूला सरली की आतून जो श्वास वर येतो, तो ज्याने एकदा घेतला त्याला जन्मभर विसरता येत नाही. ऊन, दमट, किंचित आंबूस आणि तरीही कुठेतरी गोड असा तो वास. महिनोन्‌महिने काळोखात कोंडलेल्या ज्वारीचा, कडेने लावलेल्या काडाचा, घामेजलेल्या मातीचा. तो नाकाला भिडतो, मग डोळ्यांत पाणी आणतो, आणि जाणती माणसे हात आडवा करून म्हणतात, मागं सरा, घटकाभर वाफ जाऊ द्या, मग उतरा. पेव म्हणजे काय हे आता मुलांना समजावून सांगावे लागते: जमिनीच्या पोटात खणलेले, आत ऐसपैस आणि तोंडाशी माणूस जेमतेम मावेल एवढे अरुंद असे ते धान्याचे कोठार. माझ्या स्मृतीत मात्र त्या वासात आणखी एक वास कायमचा मिसळून गेला आहे, तो कार्बोलिक साबणाचा. ज्वारीचा आणि साबणाचा काय संबंध, असे तुम्ही विचाराल. तो सांगायलाच तर बसले आहे.

आधी एक कबुली देऊन टाकते. माझा स्वभाव मुळातच संशयी आहे. दूधवाल्याने मापापेक्षा पळीभर दूध जास्त घातले तर इतरांना आनंद होतो. मी ते भांडे उजेडात नेऊन बघते. कुणी फार गोड बोलले की माझ्या कपाळाला आठी पडते, आणि कुणी मुळीच बोलले नाही तर दोन पडतात. संशयाला लोक दुर्गुण म्हणतात, पण विचार करा, ज्या दिवसांत माझी जाण उमलली ते दिवसच मुळी संशयाचे होते. महायुद्धाची झळ दूरवरून लागत होती, आमच्यावर राज्य निजामाचे होते, आणि आमच्या हिंगोलीच्या मुलखात गावोगाव लेव्हीची धास्ती होती. पिकातला ठरवून दिलेला वाटा सरकारात आणून घालायचा, ही लेव्ही. आणि तो घातल्यावर घरात उरेल त्यावर वर्ष निघेल का, बियाणे वाचेल का, ही प्रत्येक घराची चिंता. अशा वेळी शेजारी शेजाऱ्याच्या उंबऱ्याकडे बघून बोले, आणि गावात नवी चप्पल वाजली की बायका भाकरी थापता थापता थांबत.

मी लग्न होऊन आले ते गोरेगावापासून कोसभरावरच्या एका लहानशा गावात. वय सतरा. वडील हिंगोलीत शिक्षक, त्यामुळे चार पुस्तके वाचलेली, आणि वाचणाऱ्या मुलींना जेवढी शिंगे फुटतात तेवढी मलाही फुटलेली. घरात मामंजी, म्हणजे माझे सासरे. आत्याबाई, म्हणजे सासूबाई. माझे यजमान आणि मी. चार माणसांचे घर, पण पहिल्याच आठवड्यात माझ्या ध्यानात आले की त्या घराचे मन पाचव्याच ठिकाणी गुंतलेले आहे. माजघरात, भिंतीला लागून, आत्याबाईंची बाज होती. बाजेखाली सारवलेली जमीन होती. आणि त्या सारवणाखाली पेव होते. बावीस पोत्यांची ज्वारी त्यात ओतून, शिळा बसवून, वर चिखल आणि शेण लिंपून, त्यावर ही आजारी बाई निजवली होती. दुखणेकरी बाईची बाज कोण हलवील? कोण तिच्या खाली वाकून बघेल? मामंजींना ही युक्ती सुचली तेव्हा त्यांना फार अभिमान वाटला असला पाहिजे, कारण ती सांगताना ते दर वेळी मिशीवरून हात फिरवीत.

आत्याबाईंचे दुखणे तीन वर्षांचे. माळवदावर वाळत घातलेल्या मिरच्या उतरवताना शिडी निसटली आणि त्या अंगणात पाठीवर पडल्या. हाड मोडले नाही, रक्त आले नाही. पण त्या दिवसापासून कंबरेतून एक कळ निघे ती मांडीच्या मागून उतरत टाचेपर्यंत जाई, आणि जाताना बाईला अर्ध्यात तोडून जाई. हाडवैद्य झाला, निरगुडीचा शेक झाला, बिब्बे घालून झाले. शेवटी कुणीतरी तापल्या सळईने कंबरेवर डाग दिले, त्याच्या चार काळ्या खुणा मी त्यांना न्हाऊ घालताना बघत असे. कळ मात्र हटली नाही. ताप असला तर तो हाताला लागतो, जखम असली तर ती डोळ्याला दिसते. पण वेदना दाखवायची कशी? तिला ना रंग, ना रूप. पहिल्या महिन्यात घर हळहळते, सहाव्या महिन्यात उसासे टाकते, आणि वर्ष उलटले की घर मनातल्या मनात विचारू लागते, की हे खरे तरी आहे का? माझा स्वभाव तर तुम्हाला सांगितलाच. मी वर्षभराची वाट बघितली नाही. आठव्याच दिवशी विचारले, अर्थात मनातल्या मनात.

अशा त्या घरात मार्थाबाई आली. हिंगोलीच्या एका दवाखान्याची ती नर्स. ज्यांना गाडीत घालून दवाखान्यापर्यंत नेता येत नाही, ज्यांचे दुखणे मारतही नाही आणि सोडतही नाही, अशांच्या घरी फिरत राहायचे, हे तिचे काम. गोरेगावच्या बाजाराच्या दिवशी ती हिंगोलीकडून येणाऱ्या बैलगाडीत बसून येई आणि उरलेला कोसभर पायी. पांढरे लुगडे, कपाळ मोकळे, खांद्याला कातडी पिशवी. आदराचा 'त्या' माझ्या मनात तिच्यासाठी फार उशिरा आला, म्हणून इथेही मी तिला 'ती'च म्हणते. कपाळावर कुंकू का नाही यावर पाणवठ्यावर तीन दिवस चर्चा चालली होती. विधवा असावी, की ख्रिस्ती असावी? आणि कुणीही असली तरी भल्या घरची बाई एकटी गावोगाव कशासाठी हिंडेल? औषधाचे पैसेही घेत नाही म्हणतात. मग घेते तरी काय? फुकट देणाऱ्या माणसाचा आम्हाला घेणाऱ्यापेक्षा जास्त धसका असतो.

ती आली, चपला उंबऱ्याबाहेर काढल्या, आणि पहिले काम केले ते हात धुण्याचे. पिशवीतून लाल साबणाची वडी काढून कोपरापर्यंत, नखांपर्यंत, इतका वेळ हात धुतले की मला वाटले, हिच्या हातांनी असे केले तरी काय आहे? मग बाजेशेजारी ती खाली जमिनीवर बसली. वैद्य येतात ते उभे राहून बोलतात. ही खाली बसली, म्हणजे हिची मान आत्याबाईंच्या मानेपेक्षा खाली आली. "दुखतं का?" असे तिने विचारलेच नाही. म्हणाली, "आज कुठवर आलंय?" जसे काही वाटेवरच्या पाहुण्याची चौकशी. आत्याबाईंनी तिच्याकडे जरा वेळ बघितले आणि पोटरीला हात लावून म्हणाल्या, "हितवर." मग त्या बोलतच राहिल्या. बसल्यावर कसे, कुशीवर कसे, शिंक आली तर कसे. तीन वर्षांत हे त्यांना कुणी विचारले नव्हते, हे मला त्या दिवशी कळायला हवे होते. मला मात्र दुसरेच कळले: ही बाई बोलत असताना तिच्या नाकपुड्या हलत होत्या. तिने हलकेच श्वास ओढला, बाजेखालच्या जमिनीकडे एकदा बघितले, आणि म्हणाली, "ही बाज इथं कशाला ठेवलीत? जमिनीला ओल आहे, वारा नाही, उजेड नाही. ओसरीवर उन्हात घ्या यांना."

मामंजी खाकरले. "तिला तितंच बरं वाटतंय, बाई," ते म्हणाले. यजमान म्हणाले, "उन्हानं तरास व्हतो तिला." आणि माझ्या संशयाला सगळ्यांत मोठे खाद्य घातले ते खुद्द आत्याबाईंनी. "व्हय बाई," त्या म्हणाल्या, "मी हितंच बरी." हे काय गौडबंगाल? पाठीला ओल लागते, रात्रंदिवस कळा येतात म्हणणारी बाई ऊन नको म्हणते? दुखणे खरे असते तर सुखाची जागा कुणी नाकारली असती का?

जाण्याआधी मार्थाबाईने माझ्याकडे हळद मागितली. चिमूटभर हळद पाण्यात कालवून, बोट बुडवून, तिने बाजेशेजारच्या पांढऱ्या भिंतीवर एक रेघ ओढली. म्हणाली, "रोज दिवेलागणीला एक रेघ. सोसलं तर बोटभर, लई झालं तर वीतभर. बरं वाटलं की माणूस कालचं दुखणं विसरतो, आणि दुखायला लागलं की कालचंही वाढवून सांगतो. भिंत तसं करत नाही. मी आले की आपण दोघी वाचू." आत्याबाईंना लिहिता-वाचता येत नव्हते. "मी वाचू?" असे म्हणून त्या हसल्या. मी त्यांना हसताना पहिल्यांदाच पाहिले, आणि खरे सांगते, मला ते आवडले नाही.

शेजारच्या कोंडाबाईंना आमच्या घरातली प्रत्येक गोष्ट आमच्या आधी कळे. त्या पाण्याला जाताना मला गाठून म्हणाल्या, "अगं सूनबाई, ती तुमची नरसबाई हिंगोलीच्या ठेसनावर गिरदावरासंगं बोलून राहिली व्हती म्हणं. उर्दूत. म्या न्हाई पाहिलं, पर आमच्या दिरानं पाहिलं." गिरदावर म्हणजे लेव्हीचे धान्य तपासत फिरणारा अंमलदार. माझ्या हातातली घागर जड झाली. कोंडाबाई आणखी जवळ आल्या. "आन भितीवर रेघा काहून वढाया लावती ती? एका रेघंला एक पोतं आसंल, न्हाईतर काय. घरावर खूण करून ठिवायली."

तुम्ही हसाल. मीही आता हसते. पण घरी येऊन मी भिंतीवरच्या रेघा मोजल्या तेव्हा त्या किती होत्या सांगू? बावीस. बरोबर बावीस. पेवात बावीस पोत्यांची ज्वारी, भिंतीवर बावीस रेघा, कुठे बोटभर, कुठे वीतभर, म्हणजे लहान पोती नि मोठी पोती. रेघा ओढायला लागून बावीसच दिवस झाले होते ही साधी गोष्ट माझ्या शिकल्यासवरल्या डोक्यात शिरली नाही. भीती एकदा मनात घर करून बसली की ती हिशेबसुद्धा आपल्याला हवा तोच करते. दुपारी आत्याबाईंचा डोळा लागला तेव्हा मी पांढऱ्या मातीचा बोळा घेतला आणि भिंत स्वच्छ पोतारून काढली. एका बाईच्या बावीस दिवसांच्या वेदना मी चार हातांत पुसून टाकल्या, आणि घर वाचवल्याच्या समाधानाने हात धुतले.

पुढच्या बाजारी मार्थाबाई आली, कोऱ्या भिंतीकडे बघून थबकली. मी चुलीशी पाठमोरी बसले होते. माझ्या पाठीला तिची नजर जाणवत होती. तेवढ्यात आत्याबाई म्हणाल्या, "म्याच पुसाया लावल्या, बाई. भित घाण दिसत व्हती." त्यांनी मला वाचवले. का? कृतज्ञ व्हायचे सोडून मी तेच कोडे घेऊन बसले. सुनेला वाचवणारी सासू, हा प्रकारच मला संशयास्पद वाटला. मार्थाबाईने पुन्हा हळद मागितली आणि पुन्हा पहिल्या रेघेपासून सुरुवात केली.

त्यानंतर काही दिवसांनी मी विहिरीवरून नेहमीपेक्षा लवकर परतले. माणसे शेतात होती. परसदारातून आत येताना माजघराच्या दाराच्या फटीतून आत नजर गेली. आत्याबाई उभ्या होत्या. एक हात भिंतीला, दुसरा कंबरेवर. ओठांतल्या ओठांत काही मोजत त्या पाऊल टाकत होत्या, मग दुसरे, मग तिसरे. मी घागर खाली ठेवल्याचा आवाज झाला, आणि आत गेले तेव्हा बाई बाजेवर डोळे मिटून निजलेल्या. माझ्या मनात जो विजयाचा भाव उसळला त्याची मला आज लाज वाटते. सोंग! वर्षानुवर्षे घराला राबवून घेणारे सोंग. मला सगळी संगती लागली: दुखणे खोटे, ती नर्स खोटी, रेघा खोट्या. त्या दिवशी आत्याबाईंना भाकर वाढताना मी ताट जरा आपटूनच ठेवले.

मार्थाबाईला मी उंबऱ्यावरच गाठायचे ठरवले होते. ती आली तशी म्हटले, "बाई, तुमी उगंच पाय तुडवायल्या. आमच्या आत्याबाई चालत्यात. म्या माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. त्यांना काईबी झालं न्हाई." मला वाटले होते ती चपापेल. ती चपला काढत काढत म्हणाली, "चालतात ना. मीच सांगितलंय. दहा पावलं, भिंतीला धरून, रोज. दुखत नाही म्हणून नाही चालत त्या. दुखतं तरी चालतात. काल किती झाली?" मी म्हटले, "मग घरात काहून न्हाई सांगत?" मार्थाबाईने माझ्याकडे बघितले. त्या नजरेत राग नव्हता, तो असता तर बरे झाले असते. ती म्हणाली, "घराला त्या बाजेवरच हव्या आहेत ना."

म्हणजे हिला ठाऊक आहे. पेव ठाऊक आहे. मी हे मामंजींना सांगितले तेव्हा त्यांचा हात मिशीवर गेला नाही. ते जमिनीकडे बघत म्हणाले, "पुढच्या खेपंला तिला उंबऱ्याच्या आत घेऊ नका." आत्याबाईंनी ऐकले. त्यांनी कूस बदलली आणि तोंड भिंतीकडे केले. त्या दिवशीची रेघ वीतभर होती, पण मी ती वाचली नाही. मला त्या लिपीवर विश्वास नव्हता.

पुढची खेप आली, आणि नेमका त्याच सकाळी गिरदावर आमच्या दारात उभा राहिला. एकाच दिवशी दोघे! कोंडाबाईंनी पलीकडून माझ्याकडे जे बघितले ते अजून आठवते. गिरदावर उंच, शांत, बोलायला सभ्य असा गृहस्थ होता. आरडाओरडा करणारा असता तर आम्हाला त्याचा द्वेष करणे सोपे गेले असते. त्याने भिंतीतले बळद बघितले, सांगितले तेवढेच धान्य त्यात निघाले. मग तो माजघरात आला. हातातली काठी त्याने इथे तिथे जमिनीवर टेकवली. टक्‌, टक्‌. बाजेजवळ आल्यावर आवाज किंचित बदलला, की मलाच तसे वाटले? त्याने सोबतच्या चपराशाला म्हटले, "ये बाज जरा सरकाओ."

चपराशाने बाजेचा पाय धरला आणि हिसडा दिला. आत्याबाई ओरडल्या. ते ओरडणे मी सांगू शकत नाही. आवाज इतका वरच्या पट्टीत चढला आणि मध्येच तुटला, की चपराशाच्या हातून पाय सुटला आणि बाज पुन्हा आदळली, आणि त्या पुन्हा ओरडल्या. आम्ही सगळे आत होतो, त्यामुळे उंबऱ्यावर कुणी नव्हते. मार्थाबाई केव्हा आली आणि केव्हा बाजेशी जाऊन बसली ते कळलेच नाही. आत्याबाईंचा पाय तिने दोन्ही हातांनी तोलून धरला होता आणि मान वळवून ती गिरदावराशी उर्दूत बोलत होती. मला सगळे समजले नाही. तीन साल, तकलीफ, कमर, असे शब्द आले. पेवाविषयी तिने ना खरे सांगितले ना खोटे. ती फक्त बाईविषयी बोलली. गिरदावराने आत्याबाईंच्या चेहऱ्याकडे बघितले. काय दिसले असेल त्याला? त्याच्या घरीही कुणी अशी बाजेवर असेल काय? त्याने डोळे खाली वळवले, चपराशाला खूण केली, आणि तो निघून गेला.

घोड्याच्या टापा वेशीपलीकडे विरल्या तशी घराची छाती मोकळी झाली. मामंजी खदखदून हसले. "आरं, काय वरडली ही! तमाशातल्या बायांनी हिच्या घरी पाणी भरावं." यजमान हसले. मीही हसले, अगदी मनापासून. सोंग असले तरी ते आज घराच्या कामी आले होते, त्यामुळे मी ते मोठ्या मनाने माफ करून टाकले होते. हसताना माझी नजर आत्याबाईंकडे गेली. त्यांचे कपाळ घामाने थबथबले होते, खालचा ओठ दाताखाली फुटून रक्त आले होते, आणि त्या आमच्याकडे बघत होत्या. आम्ही तिघे हसणारे आणि त्या एकट्या बघणाऱ्या.

मार्थाबाई हसली नव्हती. तिने उठून हळदीची वाटी घेतली. बोट बुडवले, आत्याबाईंकडे बघितले. आत्याबाईंनी मान हलवली. मग तिने भिंतीवर, बाजेच्या उशाच्याही वरपासून, रेघ ओढायला सुरुवात केली. बोटभर, वीतभर, हातभर. पुन्हा बोट बुडवून खाली, आणखी खाली. रेघ जमिनीला टेकली तेव्हाच तिचे बोट थांबले. मामंजींचे हसणे अर्ध्यावरच राहिले होते. ज्यांना कुणालाच वाचता येत नाही असे मी समजत होते, त्या घराला ती एक रेघ वाचता आली.

"यांना उन्हात घ्यायचं," मार्थाबाई म्हणाली. "एक बाजू मी धरते." मामंजी भांबावून म्हणाले, "आन पेव?" ज्या शब्दाला आम्ही परक्यासमोर महिनोन्‌महिने ओठाबाहेर येऊ दिले नव्हते, तो त्यांच्याच तोंडून निसटला. मार्थाबाई म्हणाली, "ते पहिल्याच दिवशी कळलं होतं. माझ्या आईच्या घरी होतं की. वास कुठं लपतो?" तिने पदर खोचला आणि उशाकडची बाजू धरली. पायथ्याकडची बाजू मोकळी होती. मामंजी जमिनीकडे बघत होते. यजमान मामंजींकडे बघत होते. मी पुढे झाले आणि वाकले. आत्याबाईंनी माझे मनगट पकडले. "ऱ्हाऊ दे गं," त्या म्हणाल्या, "हितंच ऱ्हाऊ दे मला." आम्ही त्यांचे ऐकले नाही. दोघींनी बाज उचलली, पाऊल पाऊल करत ओसरीवर नेली आणि सकाळच्या उन्हात टेकवली. वाटेत एकदाही हिसका बसला नाही.

आत्याबाई बऱ्या झाल्या असे मी म्हणणार नाही. अशी दुखणी बरी होत नाहीत. पण रेघा आखूड होत गेल्या. दहा पावलांची वीस झाली, मग अंगणातल्या तुळशीपर्यंत, मग कोंडाबाईंच्या दारापर्यंत. मार्थाबाई येत राहिली. पुढे निजामाच्या राजवटीचे अखेरचे दिवस आले, वाटा बिनभरवशाच्या झाल्या, आणि एका बाजाराला ती आली नाही, त्यानंतर कधीच आली नाही. तिचे काय झाले ते मला आजतागायत ठाऊक नाही. आणि स्वभाव कुठे जातो? ती स्टेशनवर गिरदावराशी खरेच बोलली होती का, बोलली असेल तर काय, आणि तो नेमका तिच्याच फेरीच्या दिवशी कसा आला, हे प्रश्न मी अजून चघळते. कधी मनात येते, तो येणारच होता. तिने फक्त एवढेच बघितले असेल की तो येईल तेव्हा आपण त्या बाजेपाशी असावे. कधी वाटते, हा सगळा योगायोग. माझ्या आयुष्यातला हा एकच संशय असा आहे की जो फेडून घ्यावासा मला वाटत नाही.

आता माझी कंबर बोलते. मला तपासायला घरी येणारी मुलगी हसतमुख आहे, स्कूटरवर येते, आणि शून्य ते दहामधला आकडा सांगा म्हणते. मी सात म्हणते, आणि लगेच तिच्या चेहऱ्याकडे बघते: हिला खरे वाटले का? माझी सून गुणी आहे. पण मी उठताना कण्हले की तिची मान किंचित वळते, आणि ते वळणे मला ओळखीचे आहे. त्या वळण्याची मी एके काळी मालकीण होते.

बाज ओसरीवर नेली त्या वर्षी पेरणीच्या तोंडावर बळदातले धान्य सरले आणि पेव उघडले. माजघरात गर्दी झाली. शिळा सरली, तो ऊन, आंबूस श्वास वर आला आणि ओसरीपर्यंत पसरला. तिथे आत्याबाई बाजेवर उठून बसल्या होत्या आणि मी मार्थाबाईने ठेवलेल्या लाल साबणाने त्यांचे पाय धूत होते. धीर करून विचारले, "आत्याबाई, तितं इतकी वल व्हती, इतकं दुखत व्हतं. मग उन्हात न्या म्हणलं तर तुमी न्हाई काहून म्हणत व्हत्या?" त्या अगदी साध्या आवाजात म्हणाल्या, "तितं निजले तवा घरातलं कुणी ना कुणी दिसातून चारदा यिऊन बघत व्हतं. मला न्हाई, पेवाला. पर बघत व्हतं."

आत सगळे घर पेवाच्या तोंडाशी वाकून खाली बघत होते. मी हातातला साबण ठेवला आणि त्यांच्याकडे बघितले.